स्वयंपाकघरात आलेला लॅरी

आजचा भाग अपघाताने झालाय, म्हणून आधी अपघात सांगते.

मी स्मॉलटॉकबद्दल वाचत होते. ऐकणाऱ्यांतले जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी: १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क नावाच्या प्रयोगशाळेत ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार झाली. आज आपण स्क्रीनवर एकावर एक खिडक्या उघडतो, क्लिक केल्यावर मेनू टपकन वर येतो, त्या सगळ्याची मुळं तिथे आहेत. भाषेची कल्पना ॲलन के यांची. पण ती प्रत्यक्षात चालवून दाखवली ती मुख्यतः डॅन इंगल्स या माणसाने. स्क्रीनवरचा चौकोनी तुकडा झटकन एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायची 'बिटब्लिट' नावाची युक्तीही त्याचीच. इंजिनिअरिंगला आम्हाला हे नाव कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

तर डॅन इंगल्सबद्दल वाचताना एक ओळ दिसली, की त्याचे वडील हार्वर्डला संस्कृतचे प्राध्यापक होते. डॅनियल एच. एच. इंगल्स. आणि मला एकदम आठवलं, हे नाव आपण कोसंबींच्या संदर्भात वाचलंय! दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले, गणितज्ञ आणि इतिहासकार. त्यांनी आणि पुण्याच्या वि. वि. गोखल्यांनी मिळून 'सुभाषितरत्नकोश' या संस्कृत सुभाषितांच्या जुन्या संग्रहाची संशोधित आवृत्ती केली. ती १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली, आणि सतराशेहून जास्त श्लोकांच्या त्या संग्रहाचं इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये आलं ते इंगल्स यांचं. कोसंबी मार्क्सवादी चष्म्यातून या कवितेकडे बघायचे, इंगल्सना ते पटायचं नाही. पण पुण्यात तयार झालेली संहिता आणि केंब्रिजमध्ये झालेलं भाषांतर, अशी ही जोडी आहे.

इथवर मी खूश होते. संस्कृत, पुणे, स्मॉलटॉक, सगळं एका घरात. मग पुढची ओळ वाचली. डॅनला एक मोठी बहीण होती, रेचल इंगल्स. जन्म १९४० चा. ती १९६५ मध्ये लंडनला गेली आणि शेवटपर्यंत, म्हणजे २०१९ मध्ये वारली तोवर, तिथेच राहिली. आणि तिने एक लघुकादंबरी लिहिली, ज्यात एका गृहिणीच्या स्वयंपाकघरात बेडकासारखा प्रचंड प्राणी चालत येतो.

पुस्तकाचं नाव 'मिसेस कॅलिबन'. साल १९८२. आजचा भाग त्याबद्दल आहे.

गोष्ट कॅलिफोर्नियाच्या एका उपनगरात घडते. डोरोथी आणि फ्रेड नावाचं जोडपं. त्यांचा मुलगा एका साध्या ऑपरेशनच्या वेळी, भूल दिल्यावर गेला. त्यानंतर डोरोथीचा गर्भपात झाला. मग पाळलेला कुत्रा गाडीखाली आला. फ्रेडचं बाहेर काहीतरी चालू आहे हे तिला माहितीय, आणि तिला माहितीय हे त्यालाही माहितीय. घटस्फोट घ्यायला जेवढी ताकद लागते तेवढीही दोघांत उरलेली नाही. हे सगळं लेखिका दोन-चार पानांत सांगून टाकते, भाजीचा हिशोब सांगावा तशा आवाजात.

आणि मग रेडिओ. डोरोथी घरकाम करताना रेडिओ लावते आणि मधूनच त्यातून तिच्याशी बोललं जातं. तिला नावाने हाक मारून. जाहिरातीच्या मध्ये, बातमीच्या मध्ये. धीर देणारं काहीतरी. तिला कळतं की हे तिच्याखेरीज कोणालाच ऐकू येत नसणार. ती फ्रेडला सांगत नाही. डॉक्टरला सांगत नाही. तिची मैत्रीण आहे, एस्टेल, तिलाही नाही. सांगितलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक आहे.

एक दिवस त्याच रेडिओवर बातमी येते, की एका समुद्रसंशोधन संस्थेतून एक धोकादायक जलचर राक्षस पळालाय, त्याने दोन रखवालदारांना मारलंय, लोकांनी सावध राहावं. आता डोरोथीची पंचाईत बघा. ही बातमी सगळ्यांसाठी आहे की फक्त तिच्यासाठी? तिला ठरवता येत नाही. मला वाटतं सगळं पुस्तक या एका क्षणावर उभं आहे.

थोड्याच वेळात फ्रेड ऑफिसातल्या माणसाला न सांगता जेवायला घेऊन येतो (हे संकट जागतिक आहे). डोरोथी ओट्यापाशी धावपळ करतेय, आणि मागच्या दाराने साडेसहा फुटांहून उंच, हिरवट, बेडकासारख्या डोक्याचा प्राणी आत येतो. ती किंचाळत नाही. तिच्या हाताला सेलरीची जुडी लागते, ती पुढे करते. तो घेतो. आणि आभार मानतो.

हा लॅरी. पुढे ती त्याला घरातच पाहुण्यांच्या खोलीत लपवते. तो घरकामात मदत करतो, टीव्ही बघतो, ॲव्होकाडो खातो, किलोने. संस्थेत त्याचे हाल झालेत, विजेचे झटके दिलेत. दोघांत प्रेम होतं, शरीराचंही. रात्री ती त्याला गाडीत घालून समुद्रावर नेते. पुढचं सांगत नाही, फार वाईट गोष्टी घडतात आणि काही माणसं मरतात. पुस्तक जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचं आहे.

आता इतिहास. कारण रेचल इंगल्सने हा प्राणी हवेतून काढलेला नाही.

१९५४ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' आला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला कल्ल्यांचा माणूस. जमिनीवर एक नट, पाण्याखाली दुसरा, दोघे रबराच्या सूटमध्ये. गोष्ट ठरलेली: प्राणी बाईवर भुलतो, तिला उचलून नेतो, पुरुष बंदुका घेऊन सोडवायला जातात. नायिका के ही खरं तर त्या मोहिमेतली संशोधक आहे, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिचा पांढरा स्विमसूट आणि किंकाळी.

तो प्राणी दिसायला कसा असावा हे कोणी ठरवलं? मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या एका बाईने. स्टुडिओला ही गोष्ट जाहिरातीला बरी वाटली, म्हणून तिला देशभर दौऱ्यावर पाठवायचं ठरलं, राक्षस घडवणारी सुंदरी वगैरे मथळ्याखाली. मेकअप विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर याला ते खपलं नाही. श्रेय आपलंच, असं त्याचं म्हणणं. मग जाहिरातीतला 'घडवणारी' हा शब्द गेला, आणि ती राक्षसासोबत 'राहणारी' सुंदरी झाली! सिनेमाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आलं नाही आणि दौऱ्यावरून परतल्यावर तिचं कामही गेलं. पुढे कित्येक वर्षं लोक हा प्राणी वेस्टमोरचाच समजत राहिले. २०१९ मध्ये मॅलरी ओ'मेरा यांचं तिच्यावरचं पुस्तक आलं, तेव्हा कुठे ही गोष्ट नीट माहीत झाली.

म्हणजे राक्षस घडवणारी बाई अदृश्य आणि राक्षस बघणारी बाई किंचाळायला. १९८२ मध्ये त्याच जातीचा प्राणी परत आला तेव्हा तो डोरोथीच्या ओट्यापाशी आला आणि कोणी बंदूक घेऊन धावलं नाही, कारण तिने कोणाला सांगितलंच नाही.

पण यापेक्षा जुना एक धागा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बाईने पाहिलेलं खरं मानायचं की नाही, हा धागा.

१८८७ मध्ये शार्लट पर्किन्स (पुढे गिलमन) ही तरुण बाई फिलाडेल्फियाला डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे उपचाराला गेली. बाळंतपणानंतर तिला नैराश्याने घेरलं होतं. मिचेल हे त्या काळातलं मोठं नाव, त्यांचा 'विश्रांती उपचार' प्रसिद्ध होता: अंथरुणात पडून राहायचं, भरपूर खायचं, डोकं चालवायचं नाही. घरी पाठवताना त्यांनी तिला बजावलं, की शक्य तितकं घरगुती आयुष्य जग, मूल सतत जवळ ठेव, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना पुन्हा हात लावू नकोस. याच डॉक्टरांनी ओवेन विस्टर नावाच्या थकलेल्या तरुणाला १८८५ मध्ये काय सांगितलं होतं माहितीय? पश्चिमेकडे जा, वायोमिंगला, मोकळ्या हवेत राहा. तो गेला, आणि पुढे १९०२ मध्ये 'द व्हर्जिनियन' लिहून काउबॉय कादंबरीचा जनक ठरला. त्याला मोकळं रान मिळालं आणि हिच्या हातची लेखणी गेली.

गिलमन काही महिने तसं जगली, वेडाच्या कडेपर्यंत गेली, आणि मग तिने उपचार झुगारून लिहायला घेतलं. १८९२ मध्ये तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. एक बाई, तिचा डॉक्टर नवरा, भाड्याचं जुनं घर, गज लावलेली खोली, भिंतीवरचा पिवळा कागद. त्या नक्षीमागे तिला एक बाई सरपटताना दिसू लागते. नवरा दुष्ट नाही, हे लक्षात ठेवा. तो प्रेमाने, लाडाने तिला सांगतो की तुला काही झालेलं नाही. हाच त्या कथेतला भयंकर भाग. ती काहीही बोलली तरी ते आजाराचं लक्षण ठरतं. शेवटी ती कागद फाडून त्या बाईला बाहेर काढते, आणि स्वतःच सरपटू लागते.

(गिलमनचं सगळंच लिखाण डोक्यावर घ्यावं असं नाही. वंशाबद्दलचे तिचे विचार आज वाचवत नाहीत. पण ही कथा लिहिताना ती कशातून आली होती, ते तिचंच होतं.)

मग १८९८, हेन्री जेम्सची लघुकादंबरी 'द टर्न ऑफ द स्क्रू'. एक तरुण गव्हर्नेस, दोन मुलं, आडबाजूचं मोठं घर, आणि तिला दिसणारी दोन भुतं. तिच्याखेरीज ती कोणी पाहत असल्याचं कधीच कबूल करत नाही. जवळजवळ साडेतीन दशकं लोकांनी ती भुताची गोष्ट म्हणून वाचली. १९३४ मध्ये एडमंड विल्सन या समीक्षकाने लेख लिहून सांगितलं, की भुतंबितं काही नाहीत, बाईच मानसिक रुग्ण आहे, दबलेल्या इच्छांमुळे तिला भास होतात. तेव्हापासून प्राध्यापक मंडळी भांडतायत. विल्सनला अडचणीत आणणारा एक मुद्दा मात्र गोष्टीतच आहे: गव्हर्नेसने पाहिलेल्या माणसाचं ती जे वर्णन करते, त्यावरून घराची जुनी कारभारीण लगेच ओळखते, की हा तर पीटर क्विंट, मेलेला नोकर. गव्हर्नेसने त्याला जिवंतपणी कधी पाहिलेलं नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट इतका तपशीलवार आहे, की तो मनाने रचणं कठीण.

आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण ती आठवल्याशिवाय मी हे पुस्तक वाचूच शकले नाही.

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव राहू दे. रात्रपाळीला होते, अडीच-तीनचा सुमार. लॉगमध्ये मला दिसलं की एका ग्राहकाचा व्यवहार दोनदा नोंदला गेलाय, सेकंदाच्या आत. मी स्क्रीनशॉट काढला, तिकीट टाकलं. सकाळी सीनिअरने बघितलं, त्याच्या मशीनवर तसं काही होईना. चांगला माणूस होता, ओरडला वगैरे नाही. म्हणाला, रात्रीची जागून होतीस, दोन वेगळ्या ओळी एकच वाटल्या असतील. तिकीट बंद. कारण: 'रिप्रोड्यूस होत नाही'. तीन आठवड्यांनी तोच प्रकार पाच-सहा ग्राहकांच्या बाबतीत झाला आणि धावपळ उडाली. पण मला जे टोचत राहिलं ते हे नव्हे. टोचलं हे, की मधल्या काळात एका दुपारी मी तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडून पाहिला, मनात म्हटलं, 'हो, चुकलंच असेल आपलं', आणि डिलीट केला. कोणी सांगितलं नव्हतं करायला.

डोरोथी नेमकी हीच गोष्ट करत नाही. म्हणून ती मला आवडली.

आता पुन्हा तिच्या लेखिकेच्या वडिलांकडे जाऊ. प्राध्यापक इंगल्स यांचं १९५१ चं पहिलं पुस्तक नव्यन्यायावर होतं. रेचलने बापाचं तत्त्वज्ञान कादंबरीत घातलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्या घराच्या कपाटात जे प्रश्न होते, त्यातला एक इथे फार चपखल बसतो.

प्रश्न असा: मला काहीतरी दिसलं. ते ज्ञान खरं आहे हे मला कसं कळतं? मीमांसक म्हणतात, स्वतःप्रामाण्य. ज्ञान झालं की त्याचा खरेपणा त्याच्याबरोबरच येतो. मला दिसलं, म्हणजे ते तूर्त खरं. खोटं आहे असं म्हणणाऱ्याने कारण आणावं, दोष दाखवावा. नैयायिक म्हणतात, नाही, परतःप्रामाण्य. लांबून पाणी दिसलं तर ते पाणी आहे की मृगजळ, हे नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही. जवळ जा, पिऊन बघ. तहान भागली तर ज्ञान खरं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा समज झाला, की 'परतः' म्हणजे दुसऱ्याने शिक्का मारायचा. नवऱ्याने, डॉक्टरने, सीनिअरने. पण तसं नाही ना ते! न्यायाचं 'परतः' म्हणजे त्या ज्ञानाच्या बाहेरचं काहीतरी, आणि ते बहुतेक वेळा माझीच कृती असते. पाण्यापर्यंत मी चालत जायचं, ओंजळ माझी. 'द यलो वॉलपेपर'मधल्या बाईला चालत जायलाच बंदी आहे. तिला खोलीबाहेरच्या जगात काहीच करून बघता येत नाही, म्हणून तिचं पाहणं खरंही ठरत नाही आणि खोटंही. तिच्याकडे फक्त नवऱ्याचा शब्द आहे. विश्रांती उपचाराने नेमकं हेच काढून घेतलं होतं.

डोरोथीचा रेडिओ तसाच आहे, तपासता न येणारा. पण लॅरी तपासता येतो. सेलरी पुढे केली, ती संपली. ॲव्होकाडो आणले, ते संपले. तो खातो, तो दमतो, त्याच्यासाठी रात्री गाडी बाहेर काढावी लागते. तिने कोणाला विचारलेलं नाही, तरी दर दिवशी ती पाण्यापर्यंत चालत जाऊन येतेय. आणि हळूहळू तिच्यात फरक पडतो. फ्रेड घरी आहे की नाही याचं तिला काही वाटेनासं होतं. ती ठरवते, निघते, गाडी चालवते. याला कोणी आत्मविश्वास म्हणेल, पण आजच्या पोस्टरवर असतो तसला तो नाही. ती मोठ्याने काहीच म्हणत नाही. ती फक्त दुकानात जाऊन जास्तीचे ॲव्होकाडो घेते.

आपल्याकडच्या भयकथा आठवून बघा. नारायण धारपांच्या समर्थकथा मी आजोळी कपाटातून चोरून वाचल्यात, आणि आजही रात्री एकटीने वाचत नाही. पण त्यात एक दिलासा असतो. कितीही भयंकर असलं तरी समर्थ येतात. ते ऐकून घेतात, विश्वास ठेवतात, आणि निस्तरतात. सोसणाऱ्या माणसाची निम्मी सुटका तिथेच होते, कोणीतरी 'हो, हे खरं आहे' म्हटल्यावर. डोरोथीच्या गोष्टीत समर्थ नाहीत. आणि लॅरी म्हणजे काही देवदूत नव्हे, हेही सांगायला हवं. तो मारतो. रेडिओवरची बातमी खोटी नव्हती. स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवण्याची किंमत या पुस्तकात खरोखर मोजली जाते, त्यात इतरांचे जीव जातात, आणि लेखिका डोरोथीला त्यातून माफीबिफी देत नाही.

पुस्तकाचं पुढे काय झालं? १९८२ मध्ये लंडनच्या फेबरने काढलं, फार कोणाचं लक्ष गेलं नाही. १९८६ मध्ये ब्रिटिश बुक मार्केटिंग कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस सर्वोत्तम अमेरिकन कादंबऱ्यांची यादी केली, त्यात हे नाव आलं, आणि अमेरिकेत लोक विचारू लागले की ही कोण? मग पुन्हा शांतता. २०१७ मध्ये न्यू डिरेक्शन्सने नवी आवृत्ती काढली. त्याच वर्षी गिलेर्मो देल तोरोचा 'द शेप ऑफ वॉटर' आला, ज्यात प्रयोगशाळेत साफसफाई करणारी मुकी बाई आणि पाण्यातला प्राणी यांचं प्रेम आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. लोकांना दोन्हींत साम्य दिसलं. देल तोरोचं मूळ मात्र १९५४ चाच सिनेमा आहे, लहानपणी तो पाहताना त्याला वाटलं होतं की प्राण्याला आणि नायिकेला एकत्र येऊ द्यायला हवं. रेचलला उशिरा का होईना वाचक मिळाले, आणि दोन वर्षांनी ती गेली.

सिनेमात प्राणी खरा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पुस्तकात तसं नाही. लॅरीशी निवांत बसून बोललेली डोरोथीखेरीज दुसरी व्यक्ती नाही. म्हणून काही वाचक म्हणतात, तो नव्हताच, मुलगा गमावलेल्या बाईच्या मनाने तो रचला, रेडिओसारखाच. १९३४ चा विल्सन अजून जिवंत आहे म्हणायचा!

मी हे पुस्तक दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले होते, लॅरी नसेल तर कुठली कुठली वाक्यं मोडतील त्यावर खुणा करायला, डीबग करतो तसं. सत्तर-ऐंशी पानांनंतर पेन्सिल ठेवून दिली. तुम्ही वाचलंत तर तुमचं मत मला जरूर लिहा. माझ्या मते तो आला होता.

पुढच्या भागात मिलिसेंट पॅट्रिकबद्दल सविस्तर. तोवर, नमस्कार.